रिफाम्पिसिनचे दोन हिशेब

एकाच माणसाला कुष्ठरोग आणि क्षयरोग दोन्ही होऊ शकतात. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात या दोन्ही रोगांचे रुग्ण आजही सापडतात, त्यामुळे ही शक्यता पुस्तकापुरती नाही. अशा रुग्णाने विचारले, की दोन्हींना मिळून एकच औषध चालेल का, तर उत्तर अर्धे होकारार्थी आहे. रिफाम्पिसिन दोन्ही जंतूंना मारते. मात्र दोघांसाठी ते घ्यायची रीत अगदी वेगळी आहे, आणि सगळी गोम तिथेच आहे.

1957 मध्ये मिलानच्या लेपेटिट कंपनीतल्या संशोधकांना फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आणलेल्या मातीत एक जीवाणू सापडला. त्याने तयार केलेल्या द्रव्यात रासायनिक बदल करत पुढे रिफाम्पिसिन घडले. जनुकांतली माहिती उतरवून घेणारे जंतूचे विकर ते बंद पाडते. कुष्ठरोगाचा आणि क्षयरोगाचा जंतू एकाच मायकोबॅक्टेरियम कुळातले, दोघांचेही हे विकर या औषधाच्या कचाट्यात सापडते. औषधाला रोगाचे नाव कळत नाही. जंतूत आपले लक्ष्य आहे का आणि तिथवर आपण पुरेशा प्रमाणात पोचतो का, यावर सगळे ठरते. उदाहरणार्थ, नायट्रोफ्युरँटॉइन हे औषध लघवीत भरपूर उतरते, पण रक्तात आणि फुप्फुसात उपयोगाइतके साठत नाही. म्हणून मूत्रमार्गात ते ज्या जंतूला मारते, त्याच जंतूने न्यूमोनिया झाला तर ते कुचकामी ठरते.

रिफाम्पिसिन फुप्फुसातही पोचते आणि त्वचेतही. फरक पडतो तो जंतूंच्या वाढीच्या वेगामुळे. क्षयाचा जंतू साधारण 20 तासांत दुप्पट होतो, कुष्ठाच्या जंतूला त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. त्यामुळे कुष्ठरोगात प्रौढांना 600 मिलिग्रॅमचा डोस महिन्यातून एकदाच पुरतो. त्या एकाच डोसने बहुतेक जंतू काही दिवसांत मरतात, उरलेल्यांसाठी डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन रोज चालू असतात. क्षयरोगात मात्र तेच रिफाम्पिसिन रोज, इतर औषधांच्या जोडीने, किमान सहा महिने घ्यावे लागते.

आता समजा, कुष्ठरोग ओळखला गेला आणि छातीतला क्षय लक्षातच आला नाही. फुप्फुसात क्षयाने पोकळी पडली असेल, तर तिच्यात कोट्यवधी जंतू असतात, आणि साधारण 10 कोटींत एखादा जंतू रिफाम्पिसिनला जन्मतःच दाद देत नाही. महिन्याच्या एका गोळीने क्षय बरा होत नाहीच, उलट दुबळे जंतू मरतात आणि दाद न देणाऱ्यांना वाढायला जागा मोकळी होते. कुष्ठरोगात सोबत दिलेल्या दोन औषधांवर क्षयाचा भार टाकता येत नाही. समोर दिसणारा रोग बरा करणारी गोळीच लपलेल्या रोगावरचे सर्वांत मोलाचे हत्यार बोथट करते. हे मला फार गंभीर वाटते, कारण त्यात चूक औषधाची नसते, न झालेल्या तपासणीची असते.

म्हणूनच कुष्ठरुग्णाच्या घरच्यांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, तेव्हाही आधी खोकला, ताप, वजन घटणे यांची चौकशी व्हायला हवी. क्षयाची शंका असेल तर तो डोस देत नाहीत. तपासणीचे आणखी एक कारण आहे. कुष्ठरोगात कधी नसा सुजतात, मग प्रेडनिसोलोन सुरू करावे लागते. हे स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते, आणि शरीरात दबून बसलेला क्षय त्यामुळे उसळी मारू शकतो. शिवाय रिफाम्पिसिन यकृताला अशी चालना देते, की स्टेरॉइड शरीरातून लवकर बाहेर पडते. रोज रिफाम्पिसिन घेणाऱ्या रुग्णात डॉक्टरांना स्टेरॉइडची मात्राही नव्याने बघावी लागते.

दोन्ही रोग वेळीच ओळखले गेले, तर मांडणी सोपी होते. क्षयाचा कोर्स चालू असेपर्यंत रोजच्या गोळ्यांतले रिफाम्पिसिन कुष्ठाच्या जंतूलाही पुरून उरते, महिन्याचा वेगळा डोस लागत नाही. डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन मात्र चालूच ठेवायचे. अंगात जास्त जंतू असलेल्या प्रकारात कुष्ठाचा उपचार 12 महिन्यांचा असतो. तेव्हा सहा महिन्यांनी क्षयाच्या गोळ्या संपल्या, की रिफाम्पिसिनचा महिन्याचा डोस पुन्हा सुरू करायचा असतो.