डिझायरला पाच स्टार मिळाले, पण मागच्या सीटवरचा पट्टा लावला का?

माजिवडा (ठाणे) : शहापूर-भिवंडीकडून मुंबईला निघालेली गाडी माजिवडा नाक्यावर येते. इथूनच घोडबंदर रोड फुटतो आणि पुढे गुजरातच्या महामार्गाला मिळतो. कंटेनर, ट्रेलर, टँकर यांच्या गर्दीत आपली छोटी डिकीवाली गाडी, आत पाच-सहा माणसं. अशा वेळी टक्कर झाली तर गाडी आपल्याला वाचवेल का? आजकाल शोरूममध्ये सगळे 'पाच स्टार' सांगतात. हे स्टार म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ.

स्टार कोण देतं?

ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. पाचही गाड्यांना शून्य स्टार मिळाले. त्यानंतर देशात हा विषय निघाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची 'भारत एनकॅप' चाचणी सुरू झाली. ही चाचणी कंपनीच्या मर्जीवर आहे, सक्तीची नाही. त्यामुळे प्रत्येक गाडीला स्टार असतीलच असं नाही.

चाचणी कशी होते?

गाडीत माणसाच्या मापाचे पुतळे बसवतात. मग ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवतात. पूर्ण तोंड नाही, ड्रायव्हरच्या बाजूचा ४० टक्के भाग आदळतो, कारण समोरासमोरच्या टकरीत बहुतेक तसंच होतं. दुसऱ्या चाचणीत ताशी ५० च्या वेगाने ट्रॉली गाडीच्या कुशीत आदळते. तिसरीत गाडी आडवी नेऊन ताशी २९ च्या वेगाने खांबावर आपटतात. पुतळ्याच्या डोक्याला, मानेला, छातीला किती मार बसला यावरून गुण ठरतात.

नवी मारुती डिझायर नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आली. ग्लोबल एनकॅपमध्ये तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ५ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ४ स्टार मिळाले. २०२५ मध्ये भारत एनकॅपने तिला दोन्हींत ५ स्टार दिले. मोठ्यांसाठी ३२ पैकी २९.४६ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४१.५७ गुण. याआधीच्या पिढीच्या डिझायरला मोठ्यांसाठी २ स्टार होते. म्हणजे नाव तेच, पण सुरक्षा वेगळी. जुनी गाडी घेताना 'डिझायरला पाच स्टार आहेत' एवढ्यावर भुलू नका, कोणत्या सालची ते बघा.

गाडी माणसाला वाचवते कशी?

चांगल्या गाडीचं नाक चेपतं आणि धक्का स्वतः खातं. माणसं बसतात तो पिंजरा मात्र शाबूत राहायला हवा. म्हणून 'बोनेट पत्र्यासारखं चेपलं, गाडी कच्ची आहे' हे म्हणणं खरं नाही.

पण ही चाचणी ताशी ६४ ची आहे. वेग ९० झाला की धक्क्याची ताकद जवळपास दुप्पट होते. आणि उभ्या ट्रेलरच्या मागून गाडी घुसली तर बोनेट खाली सरकतं, मार थेट काचेवर येतो. तिथे स्टार फारसे कामाला येत नाहीत.

मागे बसलेल्यांचं काय?

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी मर्सिडीज होती, एअरबॅगही होत्या. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघेही गेले. पट्टा नसेल तर मागचा माणूस पुढच्या सीटवर फेकला जातो, स्वतः मरतो आणि पुढच्यालाही इजा करतो. एअरबॅग ही पट्ट्याच्या जोडीला असते, पट्ट्याच्या बदल्यात नाही. कायद्यानेही मागच्यांना पट्टा बंधनकारक आहे, नाहीतर १ हजार रुपये दंड.

लेकराला मांडीवर घेणं हीसुद्धा मोठी चूक. ताशी ५० च्या टकरीत १० किलोचं मूल हातात त्याच्या वजनाच्या कितीतरी पट जड होतं. कितीही घट्ट धरलं तरी सुटतं.

एवढं नक्की करा

- मागच्या सीटचे पट्टे गादीखाली दडपले असतील तर आजच बाहेर काढा.
- पट्ट्याची शिटी बंद करणारी खोटी क्लिप लावू नका.
- समोर लोखंडी गार्ड बसवू नका. नाकाचं चेपणं बिघडतं, एअरबॅगच्या सेन्सरलाही अडथळा येतो. २०१७ पासून त्यावर बंदी आहे.
- सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर जाड सीट कव्हर घालू नका.
- लहान मुलाला मागच्या सीटवर, त्याच्या वेगळ्या बाल-सीटमध्ये बसवा.
- पाचच्या गाडीत सात माणसं कोंबू नका. पट्टे पाचच असतात.

गाडी घेताना मायलेज सगळेच विचारतात. पुढच्या वेळी स्टार किती, कोणत्या सालच्या मॉडेलला आणि मुलांसाठी किती, हे तीन प्रश्नही विचारा. आणि गाडी निघण्याआधी मागे वळून बघा, सगळ्यांचे पट्टे लागलेत का.