कवड्या की मण्यार?

वर्तकनगरच्या पाठीशी येऊरचा डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल पसरलेले आहे. त्यामुळे पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की एखादा साप इमारतीच्या आवारात, जिन्याखाली किंवा दुकानाच्या गोदामात आढळणे नवलाचे नाही. जिथे धान्य तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे साप, हा निसर्गाचा साधा हिशेब आहे.

यांतील बहुतेक साप बिनविषारी असतात. उंदीर फस्त करणारी धामण ही तर गोदामाची बिनपगारी राखणदारच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मात्र प्राणघातक होत. घरात खरी फसगत होते ती कवड्या व मण्यार यांत. कवड्या तपकिरी असतो. त्याचे पट्टे मानेजवळ ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यार काळी, चकचकीत. तिचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. ती रात्री हिंडते व तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. म्हणून जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी.

ही ओळख दुरूनच करावी. शंका असल्यास साप विषारीच समजावा. त्यास डिवचू नये, लांबून नजर ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झाल्यास चिरा देणे, घट्ट आवळून बांधणे, मांत्रिक शोधणे यांत वेळ दवडू नये. रुग्णाची हालचाल टाळून १०८ च्या रुग्णवाहिकेने तत्काळ रुग्णालय गाठावे. या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष दिले जाते. त्यामुळे ओळख पटवण्यासाठी साप मारून सोबत नेण्याचे कारण उरत नाही.