पावसाळ्यापूर्वीं पेट्रोल-इंजिन रिकामें करावें

मृगाचा पाऊस लागला कीं पाण्याचे पेट्रोल-पंप व लांकूड कापण्याचीं यंत्रें दिवाळीपर्यंत कोपऱ्यांत पडतात. टांकींत उरलेलें पेट्रोल तसेंच राहतें. आणि रब्बीस पाणी द्यावयाच्या ऐन वेळीं दोरी ओढून हात भरून आले तरी इंजिन सुरू होत नाहीं. आमच्या मतें दोष बहुधा इंजिनाचा नसतो. हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें (आपल्या उसापासूनही होतें, हा योग पाहा!) हवेंतील ओल शोषतें, आणि ओल फार झाली म्हणजे पाण्यासह पेट्रोलपासून फुटून तळाशीं बसतें, तेथें धातू गंजतो. शिवाय पेट्रोल उडून कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत डिंकासारखा चिकटा धरतो.

सबब नुसती टांकी ओतून भागत नाहीं. कार्ब्युरेटरांत राहिलेलें थोडेंसें पेट्रोलच अधिक नडतें. इंजिन थंड असतां, चूल-विडीपासून दूर, उघड्यावर पेट्रोल काढावें. नंतर यंत्र मंद गतीनें आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें. कार्ब्युरेटरच्या वाटीस निचऱ्याचा स्क्रू असल्यास तोही सोडावा. काढलेलें पेट्रोल ताजें असतांच मोटारसायकलीस वापरावें. तेल मिसळलेलें मात्र टू-स्ट्रोक यंत्रासच.

डिझेल इंजिनास ही रीत लावूं नये. तें कोरडें पडल्यास नळींत हवा शिरते, व ती काढणें जिकिरीचें होतें.