पान्हा उतू जातो तेव्हा



दूध कमी पडतं, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण शिरपूर-साक्रीकडे असो की चोपडा-यावलकडे, एखादी बाळंतीण हळूच सांगते, "मला तर दूध फार येतं. पदर ओला होतो, बाळाला ठसका लागतो." मग घरात कुणी म्हणतं, "हिचं दूध बाळाला सोसत नाही, वरचं द्या." आज त्याबद्दलच बोलू.

बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध भरून येतं आणि छाती दगडासारखी होते. हे दुखतं, पण हा आजार नव्हे. बाळाला दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजलं की बहुधा दोन-तीन दिवसांत आराम पडतो.

दूध विहिरीसारखं असतं. जितकं उपसाल, तितके झरे वाहतात. बाळ किती पितं याचा हिशेब शरीराला बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून दाटलं की सगळं पिळून टाकू नका. आराम पडेल एवढंच हाताने काढा.

पाजण्याआधी कोमट ओला कपडा ठेवा आणि थोडं दूध काढा, म्हणजे पहिली जोराची धार बाळाच्या घशात जाणार नाही. मग मागे रेलून बसा आणि बाळाला छातीवर घ्या. ठसका लागला तर सोडवा, उभं धरा, पुन्हा पाजा. एक बाजू पुरती पिऊ द्या, मगच दुसरी. पाजून झाल्यावर थंड ओला कपडा ठेवा. छाती घट्ट बांधू नका, त्याने गाठी होतात.

महिना-दीड महिना उलटूनही त्रास राहिला, तर काही तास एकाच बाजूने पाजायची पद्धत आहे. ती मात्र नर्सबाईंना विचारून, बाळाचं वजन बघूनच करावी.

खाण्याचं काय? अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शतावरी हे आपण दूध वाढावं म्हणून देतो. दूध उतू जात असेल तर ते थांबवा. पण भाकरी, वरण, भाजी आणि पाणी तोडू नका. उपाशी बाळंतीण हा उपाय नव्हे.

बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करतं, वजन वाढतं, तर दूध त्याला सोसतंय. वरचं दूध देऊ नका.

मात्र छातीवर लाल, गरम, दुखरा भाग दिसला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. तेव्हाही पाजणं थांबवू नका. थांबवलं तर दूध आणखी साचतं.

जास्तीचं दूध वाया जातं, याचं वाईट वाटतं ना? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. तिथे आईची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवतात आणि कमी दिवसांच्या, अशक्त बाळांना देतात. तपासणीशिवाय एकीचं दूध दुसरीच्या बाळाला देऊ नये, हे त्यातून शिकण्यासारखं.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. तेव्हा लाजू नका, सांगा. आणि सासूबाईंनो, सुनेला बोल लावण्याआधी तिच्या पाठीशी एक उशी ठेवा.