पूर्वाशा : बुडालेले बेट आणि न बुडणारी सीमा

नोव्हेंबर १९७० च्या प्रलयंकारी चक्रीवादळानंतर बंगालच्या उपसागरात, हरियाभांगा नदीच्या मुखाशी गाळाचे एक बेट दिसू लागले. भारताने त्यास न्यू मूर व पूर्वाशा म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. ‘आशा’ या शब्दाचा संस्कृतात ‘दिशा’ असाही अर्थ होतो, हे ध्यानी घेता पहिल्या देशी नावातील श्लेष साहित्याच्या अभ्यासकांस रुचावा. तेथे मनुष्यवस्ती कधीच नव्हती. तरीही १९८१ मध्ये भारतीय नौदलाने तेथे ध्वज उभारला आणि बांगलादेशाने निषेध नोंदविला.

वादाचे मूळ बेटापेक्षा नदीत होते. १९४७ च्या रॅडक्लिफ निवाड्यानुसार सीमा मुख्य प्रवाहातून जात होती. तो प्रवाह बेटाच्या पूर्वेस आहे असे भारताचे म्हणणे, तर पश्चिमेस आहे असे बांगलादेशाचे. ज्याचे बेट, त्याचा भोवतालच्या समुद्रावरील दावा बळकट होणार होता.

मार्च २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाचे सागरशास्त्रज्ञ सुगत हाज्रा यांनी बेट पाण्याखाली गेल्याचे जाहीर केले व वाढत्या समुद्रपातळीकडे बोट दाखविले. (त्रिभुज प्रदेशात जमीन खचणे आणि गाळ वाहून जाणे हेही अव्याहत चालते, सारा दोष हवामानबदलाच्या माथी मारणे घाईचे ठरेल.) दोन राष्ट्रांचा तंटा समुद्रानेच सोडविला, असे तेव्हा कौतुकाने लिहिले गेले. वस्तुतः तो सुटला हेग येथील लवादात, ७ जुलै २०१४ रोजी. २५,६०२ चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी १९,४६७ बांगलादेशास मिळाले. बेटाची जागा भारताकडे राहिली. उभय देशांनी निर्णय मानला.

त्या निर्णयातील एक मुद्दा मला बेटाहून महत्त्वाचा वाटतो. किनारा अस्थिर आहे, समुद्र चढतो आहे, तेव्हा किनाऱ्यावरील बिंदूंवर विसंबू नये, असा बांगलादेशाचा युक्तिवाद होता. लवादाने तो नाकारला : किनारा आज जसा आहे तसाच पाहावयाचा, आणि हवामानबदलाच्या शक्यतेने ठरलेल्या सीमा डळमळू द्यावयाच्या नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्रांच्या मंचानेही, पातळी वाढली तरी आपली सागरी क्षेत्रे घटणार नाहीत, असे घोषित केले. जमीन गेली तरी तिच्या आधारे मिळालेला समुद्र राष्ट्राकडे राहावा, अशी ही तरतूद. जमीन ज्याच्या पायाखालून गेली, त्या माणसाविषयी मात्र १९५१ चा निर्वासितविषयक करार मौन पाळतो. सुंदरबनातील घोडामारा बेटाचे विस्थापित सागर बेटावर वसले. त्यांना सीमा ओलांडावी लागली नाही, इतकेच.