सायकल-उड्यांचे मातीचे उंचवटे

सायकलस्वाराला वेगाने चढून हवेत झेप घेता यावी व पलीकडे फारसा धक्का न बसता उतरता यावे, यासाठी माती रचून, चोपून व तासून तयार केलेले उंचवटे. त्यांना ‘डर्ट जंप’ असे म्हणतात. सामान्यतः असे दोन उंचवटे समोरासमोर असतात. पहिल्याच्या अंतर्वक्र चढावरून झेप घेऊन दुसऱ्याच्या पाठीकडील ढाळावर उतरावयाचे असते. मधली जागा रिकामी असल्यास त्या जोडीस ‘डबल’ व ती मातीने भरून सपाट केलेली असल्यास ‘टेबलटॉप’ म्हणतात. टेबलटॉपवर झेप तोकडी पडली, तरी चाके सपाट मातीवर टेकतात. म्हणून नवशिक्यांसाठी हाच प्रकार इष्ट होय.

या खेळाचा उगम अमेरिकेच्या दक्षिण कॅलिफोर्नियात १९७० च्या सुमारास झाला. मोटारसायकलींच्या मातीवरील शर्यतींचे अनुकरण तेथील मुले लहान चाकांच्या सायकलींवरून मोकळ्या पडीक जागांत करू लागली व त्यातून बीएमएक्स हा क्रीडाप्रकार रूढ झाला. ‘ऑन एनी संडे’ (१९७१) या चित्रपटातील दृश्यांमुळे त्याचा प्रसार झाला. १९९५ मध्ये ऱ्होड आयलंड येथे भरलेल्या पहिल्या ‘एक्स्ट्रीम गेम्स’मध्ये मातीच्या उड्यांची स्वतंत्र स्पर्धा होती. लॉस अँजेल्स भागात पाऊस मुख्यत्वे हिवाळ्यात पडतो व उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो. त्यामुळे कोरड्या मातीचा प्रश्न या खेळाला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

कोरडी, सुटी वाळू सु. ३०° ते ३५° पेक्षा अधिक तीव्र उतारावर उभी राहत नाही, ती घसरते. झेपेच्या चढाची वरची कड मात्र पुष्कळदा ५०° ते ६०° इतकी उभी ठेवावी लागते. ही तफावत पाणी व चिकणमाती भरून काढतात. माती किंचित ओली असताना कणांच्या स्पर्शबिंदूंभोवती पाण्याची सूक्ष्म कडी तयार होतात आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. पाणी फार झाल्यास कणांमधील पोकळ्या पूर्ण भरतात, ही ओढ नाहीशी होते व चिखल होतो. पाणी उडून गेल्यास ही कडीच उरत नाहीत. मग चिकणमातीचे बंधन तेवढे शिल्लक राहते. वाळूचा किल्ला वाळताच ढासळतो आणि चिकणमातीचे ढेकूळ वाळल्यावर दगडासारखे होते, ते यामुळेच.

माती चोपताना तिच्यात किती पाणी असावे, याचा पद्धतशीर अभ्यास आर. आर. प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. तो लॉस अँजेल्सच्या पाणीपुरवठा विभागात होता व त्याच्यासमोर प्रश्न मातीच्या धरणांचा होता. विशिष्ट आर्द्रतेलाच चोपलेल्या मातीची घनता कमाल होते, असे त्याने दाखविले. रेताड मातीत ही आर्द्रता वजनाच्या सु. १० टक्के, तर चिकण मातीत १५ ते २५ टक्के असते. उंचवटे रचणाऱ्यांना प्रयोगशाळेची गरज भासत नाही. मूठभर माती दाबल्यावर तिचा गोळा व्हावा, तो मोडला असता त्याचे स्वच्छ दोन तुकडे व्हावेत आणि तळहात ओला होऊ नये, एवढी खूण पुरते.

चिकणमातीचे प्रमाण २० ते ३० टक्के असलेली वाळूमिश्रित माती उत्तम. बरणीत माती व पाणी घालून हलवून ठेवल्यास वाळू मिनिटभरात, गाळ काही तासांत व चिकणमाती सर्वांत शेवटी, एखाद्या दिवसाने बसते. थरांच्या जाडीवरून प्रमाणाचा अंदाज येतो. चिकणपणा अधिक तितका चांगला, हा समज मात्र चुकीचा आहे. दख्खनच्या काळ्या मातीसारखी माती ओली होताच फुगते व वाळताना तिला खोल भेगा पडतात. नुसत्या अशा मातीची कड टिकणार नाही.

गाभ्यात दगड-मुरूम चालतो, परंतु लाकडाचे ओंडके कालांतराने कुजून उंचवटा खचतो. त्यावर माती १० ते १५ सेंमी. जाडीच्या थरांनी घालून प्रत्येक थर शिंपून धुमसाने चोपतात. आधीचा थर वाळला असल्यास तो खरवडून ओला केल्याशिवाय नवा थर सांधत नाही. कोरड्या प्रदेशातील बहुतेक उंचवटे निकामी होतात ते याच सांध्यावर. म्हणून आकार मुळातच थोडा मोठा ठेवून नंतर फावड्याने तासून खाली आणणे श्रेयस्कर. पातळ लिंपण भर उन्हात पापुद्र्यासारखे सुटते. तयार पृष्ठभाग काही दिवस ताडपत्रीखाली ठेवून सावकाश वाळू देतात.

कडेच्या मजबुतीला एवढे महत्त्व का, हे आकड्यांवरून कळते. दर सेकंदास ८ मी. वेगाने ३ मी. त्रिज्येच्या चढावरून निघणाऱ्या स्वाराचा व सायकलीचा कडेजवळील भार त्यांच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतो. कडेचा कोन ४५° असल्यास, हवेचा विरोध वगळता, समान उंचीवर झेप सु. ६.५ मी. जाते. कड झिजून कोन ३०° झाला, तर तीच झेप ५.७ मी. भरते आणि डबलवर पुढचे चाक उताराऐवजी दुसऱ्या उंचवट्याच्या माथ्यावर किंवा अलीकडच्या अंगावर आदळते. मनगट व गळपट्टीच्या हाडाच्या दुखापती अशा पडण्यात नेहमीच्या आहेत. उतरणीचा ढाळ उड्डाणमार्गाच्या दिशेशी जुळता ठेवला, तर वेगाचा थोडाच भाग जमिनीवर लंब पडतो व धक्का सौम्य होतो.

निगा रोजची असते. सुटी धूळ झाडून संध्याकाळी बारीक तुषारांनी शिंपणे, पृष्ठभाग मुरेपर्यंत सायकल न चालविणे व कडेची झीज त्याच दिवशी बुजविणे, ही कामे झेप घेण्याइतकीच खेळाचा भाग मानली जातात. कॅल्शियम क्लोराइडासारखे ओल धरून ठेवणारे क्षार वापरता येतात, पण ते वनस्पतींना अपायकारक असून सायकलीचे भाग गंजवितात.

यूटा राज्यातील व्हर्जिन या गावाजवळ २००१ पासून होत आलेल्या ‘रेड बुल रॅम्पेज’ या स्पर्धेत कोरड्या मातीची कसोटी पराकोटीला जाते. तेथील वाळवंटी कड्यांवर स्पर्धक व त्यांचे सहायक यंत्रांविना, कुदळ-फावड्यांनी मार्ग खोदतात; रेतीची पोती रचून उंचवट्यांना आधार देतात व पाणी वर वाहून आणतात.

कॅलिफोर्नियात बरेचसे उंचवटे परक्या वा सार्वजनिक जमिनीवर परवानगीविना उभे राहिले. अपघाताची जबाबदारी व वनस्पतींची हानी या कारणांवरून त्यांतील अनेक बुलडोझरने सपाट करण्यात आले. दुष्काळाच्या वर्षांत शिंपणाच्या पाण्याचाही प्रश्न उभा राहतो. त्यामुळे जाणते खोदणारे मुख्य बांधकाम हिवाळी पावसाच्या ओलीवर उरकून घेतात आणि उन्हाळ्यात केवळ कड राखण्यापुरते पाणी खर्चतात.