डिझेल मोटार : शेतकऱ्याच्या सोयीची कीं कर्जाची?

हंगाम उरकून पट्टीचे पैसे हातीं आले, कीं पुष्कळ शेतकरी कुटुंबांत मोटार घेण्याचा विचार निघतो. मालाची ने-आण, दवाखाना, मुलांची शाळा, सोयऱ्यांकडील कार्यें अशीं अनेक निमित्तें असतात, आणि तीं खोटींही नसतात. मोटार घ्यावयाची ठरली म्हणजे लागलीच दुसरा प्रश्न पुढें येतो. तो ती कशावर चालावी याचा. "घ्यावयाची तर डिझेलचीच घ्यावी, ती स्वस्त पडते," हें वाक्य गांवोगांवीं इतक्या वेळां कानीं येतें, कीं त्याची छाननी करण्याची कोणास जरूरच वाटत नाहीं. आमच्या मतें हें वाक्य अर्धें खरें आहे. आणि अर्ध्या सत्यावर भिस्त ठेवून पांच-सात वर्षांचें कर्ज शिरावर घेणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून डिझेल मोटारीचे गुण कोणते, ते कोणत्या परिस्थितींत पदरीं पडतात, आणि इतर साधनांशीं तुलना करतां ती कोठें सरस व कोठें उणी ठरते, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

यंत्राचें मर्म

डिझेल हें मुळांत तेलाचें नव्हे, तर माणसाचें नांव होय. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रशास्त्रज्ञानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें आपलें पहिलें यशस्वी यंत्र चालवून दाखविलें. जळणांतील उष्णतेपैकीं चौथ्या हिश्श्याहून अधिक उष्णता त्यानें कामास लावली. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांस हें साधत नव्हतें. १९०० सालच्या पॅरिस येथील प्रदर्शनांत याच पद्धतीचें एक यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालविलें गेलें होतें, ही गोष्ट शेतकऱ्यांस विशेष कौतुकाची वाटेल. पुढें १९३६ सालीं मर्सिडीज-बेन्झ कंपनीनें '२६० डी' ही डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार विक्रीस आणली. आपल्याकडील शेतकऱ्यास मात्र या यंत्राची ओळख मोटारीपेक्षां विहिरीवरील इंजिनानें अधिक झाली. १९४६ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कारखान्याचीं इंजिनें ज्यांनीं वापरलीं, त्यांस डिझेल यंत्राचा चिवटपणा निराळा सांगावयास नको.

पेट्रोलच्या यंत्रांत हवा व तेल यांचें मिश्रण सुमारें दहाव्या हिश्श्यापर्यंत दाबून विजेच्या ठिणगीनें पेटवितात. डिझेलच्या यंत्रांत ठिणगी नसते. तेथें नुसती हवा सोळाव्या ते अठराव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते. त्या दाबानें ती इतकी तापते, कीं तींत तेलाचा फवारा पडतांच तें आपोआप पेट घेतें. जितका दाब अधिक, तितकी उष्णता कामीं अधिक येते. शिवाय लिटरभर डिझेलांत लिटरभर पेट्रोलपेक्षां सुमारें एक-दशांश उष्णता अधिक असते. या दोन कारणांमुळें तेवढ्याच आकाराची डिझेल मोटार लिटरमागें पुष्कळ अधिक अंतर कापते.

दुसरा गुण ओढीचा. डिझेल यंत्र मंद फिरत असतांही जोरानें ओढतें. भाजीपाल्याच्या जाळ्या भरून कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट चढतांना, अथवा पावसाळ्यांत चिखलाच्या पाणंदींतून निघतांना, हा गुण प्रत्ययास येतो. ट्रॅक्टर व मालमोटारी डिझेलवर चालतात याचें कारणही हेंच.

हिशेब

आतां स्वस्ताईचें पाहूं. पूर्वीं डिझेलचा दर सरकार ठरवीत असे व तो मुद्दाम कमी ठेवला जाई. पेट्रोलचा दर २०१० सालीं मोकळा झाला. डिझेलचा २०१४ सालच्या ऑक्टोबरांत झाला. तेव्हांपासून दोहोंच्या दरांतील पूर्वींचें मोठें अंतर राहिलेलें नाहीं. "डिझेल स्वस्त" ही समजूत बरीचशी त्या जुन्या दिवसांची आहे.

उदाहरणादाखल पेट्रोलचा दर लिटरला १०५ रुपये व डिझेलचा ९२ रुपये धरूं. पेट्रोल मोटार लिटरला १५ किलोमीटर व तशीच डिझेल मोटार २० किलोमीटर जाते असें समजूं. म्हणजे पेट्रोलवर दर किलोमीटरास ७ रुपये व डिझेलवर ४ रुपये ६० पैसे पडतात. बचत २ रुपये ४० पैशांची. परंतु डिझेल मोटार विकत घेतांना अधिक किंमत मोजावी लागते, व आपल्या राज्यांत तिजवरील वाहनकरही पेट्रोल मोटारीपेक्षां अधिक आहे. हा जास्तीचा बोजा १,२०,००० रुपये धरला, तर तो नुसता फेडण्यास ५०,००० किलोमीटर धांव व्हावयास पाहिजे.

एका शेतकऱ्याचें गांव तालुक्यापासून १२ किलोमीटरांवर आहे, व तो आठवड्यांतून चार वेळां जाऊन येतो अशी कल्पना करूं. त्याची वर्षाची धांव सुमारें ५,००० किलोमीटर व तेलांतील बचत १२,००० रुपये होईल. पण जास्तीचे १,२०,००० रुपये त्यानें शेंकडा ९ दरानें कर्जाऊ काढले असतील, तर पहिल्या वर्षाचें व्याजच १०,८०० रुपये होतें. उरले १,२०० रुपये. तेवढे दुरुस्तींत सहज जातील. याउलट जो आठवड्यास तीन-चार खेपा दूरच्या बाजारपेठेस करतो व ज्याची धांव वर्षाला २०,००० किलोमीटर होते, त्याची बचत ४८,००० रुपये होईल. व्याज वजा जातांही जास्तीची रक्कम तीन-साडेतीन वर्षांच्या आंत फिटेल. मोटार तीच, तेल तेंच. फरक फक्त धांवेचा. वाचकांनीं आपापल्या गांवचे दर व आपली स्वतःची धांव घालून हें गणित पुन्हां मांडावें.

दोष

डिझेलचा मोठा दोष धुराचा. त्यांतील काजळीचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत गणला. २०१५ सालीं तर फोक्सवॅगन या बड्या जर्मन कंपनीनें धुराच्या परीक्षेंत फसवणूक करणारी युक्ति सुमारें एक कोटी दहा लक्ष डिझेल मोटारींत बसविल्याचें उघडकीस आलें, व या यंत्रावरील लोकांचा विश्वास बराच डळमळला.

आपल्या देशांत १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' हे कडक नियम लागू झाले. डिझेलांतील गंधकाचें प्रमाण दशलक्ष भागांत पन्नासांवरून दहांवर आलें, व मोटारींत काजळी अडविणारी गाळणी आली. धूर त्यामुळें पुष्कळ कमी झाला. पण मोटारीची किंमत वाढली, आणि देशांत सर्वांत अधिक मोटारी विकणाऱ्या मारुती कंपनीनें त्याच सुमारास डिझेल मोटारी करणें सोडून दिलें.

ही गाळणी शेतकऱ्यानें नीट समजून घ्यावी. तींत सांचलेली काजळी मोटार कांहीं वेळ सलग वेगानें चालली म्हणजेच जळून जाते. घरापासून मळ्यापर्यंत व मळ्यापासून दुकानापर्यंत एवढीच मोटार चालली, तर यंत्र पुरतें तापत नाहीं, गाळणी तुंबते व सूचना देणारा दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केल्यास गाळणी बदलण्याचा मोठा खर्च अंगावर येतो. म्हणजे ज्याची धांव थोडी, त्यास बचत नाहीं ती नाहींच, उलट दुरुस्तीचा भुर्दंड पडण्याचा संभव अधिक.

कांहीं मोटारींत धुरांतील विषारी वायु मारण्यासाठीं युरियाचें द्रावण निराळ्या टाकींत भरावें लागतें. त्यांत युरिया शेंकडा ३२.५ असून बाकीचें शुद्ध केलेलें पाणी असतें. घरांत युरियाचें पोतें आहे, तेव्हां तेंच पाण्यांत कालवून ओतूं, असा मोह कोणासही होऊं नये. शेतीचा युरिया २०१५ पासून निंबोळी तेलाचें लेपन केलेला असतो. तो या कामास शुद्ध नसल्यामुळें फवाऱ्याची तोटी व पुढील यंत्रभाग खराब करील.

इतर साधनें

पेट्रोल मोटार घेण्यास स्वस्त व देखभालीस सोपी. हल्लींच्या पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल मिसळतात. त्याचा कांहीं भाग आपल्याच ऊंसापासून व मक्यापासून येतो, ही शेतकऱ्याच्या हिताची गोष्ट आहे. मात्र इथेनॉलांत पेट्रोलपेक्षां उष्णता कमी असल्यानें मोटार लिटरमागें थोडें कमी अंतर जाते, हेंही हिशेबांत धरावें.

नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर, चालणारी मोटार दर किलोमीटरास स्वस्त पडते व तिचा धूरही स्वच्छ असतो. पण वायूची टाकी सामानाची जागा अडविते, व वायु भरण्याचें ठाणें जवळ नसेल तर तीस किलोमीटर जाऊन रांगेंत उभें राहण्यांत बचत संपून जाते. ठाणें वाटेवर असेल त्यानेंच हा विचार करावा.

विजेची मोटार हें साधन आतां थट्टेवारी नेण्यासारखें राहिलेलें नाहीं. विजेची लहान मोटार एका युनिटांत साधारण सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे घरच्या विजेवर किलोमीटरास दीड-दोन रुपयांहून अधिक पडूं नये. रोजची धांव थोडी व ठराविक, रात्रीं मोटार दारांत उभी, आणि घरीं वीज भरंवशाची, अशा घरास डिझेलपेक्षां हीच अधिक शोभते. किंमत अधिक, बॅटरी बदलण्याचा खर्च मोठा, व लांबच्या प्रवासांत ती भारण्याची सोय सर्वत्र नाहीं, या तिच्या उणीवा होत. मोटार घरगुती मीटरावरून भारावी. शेतीपंपाची जोडणी शेतीसाठींच आहे.

बैलगाडीस कोणी कमी लेखूं नये. मळ्यांतून घरापर्यंत किंवा जवळच्या साखर कारखान्यापर्यंत ऊंस नेण्यास ती आजही उपयोगीं पडते. तिचें जळण शेतांतच पिकतें व शेणखत परत शेतांत येतें. परंतु तासाला चार किलोमीटर चालणाऱ्या गाडीनें टोमॅटो पन्नास किलोमीटरांवर नेतां येणार नाहींत.

दूरच्या मालास आगगाडीची सर दुसऱ्या कशास नाहीं, कारण लोखंडी रुळांवर चाकांचें घर्षण फारच कमी असतें. ७ ऑगस्ट २०२० रोजीं देवळालीहून बिहारांतील दानापूरकडे पहिली किसान रेल्वे निघाली, तेव्हां फळें व भाजीपाला यांच्या भाड्यांत पुढें निम्मी सूटही मिळाली होती. कोंकण रेल्वेवर तर १९९९ पासून भरलेल्या मालमोटारीच आगगाडीवर चढवून नेतात. पण एकट्या शेतकऱ्याचा माल आगगाडीस पुरत नाहीं. तेथें अनेकांनीं एकत्र यावें लागतें.

सामाईक वाहनाचा विचार

राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) या मार्गावर धांवली. एस. टी. ची मोठी गाडी डिझेलवर लिटरला सुमारें पांच किलोमीटर जाते असें धरलें, तरी तींत चाळीस उतारू असतां लिटरभर तेलांत दोनशें किलोमीटरांचा माणशी प्रवास होतो. एकटा मालक बसलेली मोटार तेवढ्याच तेलांत वीस किलोमीटर जाते. डिझेलचा खरा गुण भरलेल्या व सतत चालणाऱ्या गाडींत दिसतो, रिकाम्या व उभ्या गाडींत नव्हे.

यावरून आमची सूचना अशी, कीं मालाच्या वाहतुकीसाठीं पांच-सहा शेतकऱ्यांनीं मिळून एखादी पिकअप किंवा 'छोटा हत्ती' म्हणून ओळखली जाणारी लहान मालगाडी, रीतसर मालवाहू म्हणून नोंदवून, घ्यावी. एकट्याची ५,००० किलोमीटर धांव सहाजणांची मिळून ३०,००० होते, व डिझेलचा जो फायदा एकट्यास मिळत नव्हता तो सर्वांस मिळतो. खेपांची पाळी, तेलाचा वांटा व दुरुस्तीची शिल्लक आधीं लिहून ठरवावी, म्हणजे तंट्यास जागा राहणार नाहीं. खाजगी म्हणून नोंदलेल्या मोटारींतून भाड्यानें माल वाहणें कायद्यास धरून नाहीं. अपघात झाल्यास विम्याची रक्कमही अडकूं शकते.

सारांश, वर्षाला पंधरा-वीस हजार किलोमीटरांवर धांव, ओझें जड, रस्ता घाटाचा, अशा ठिकाणीं डिझेल निःसंशय सरस आहे. धांव पांच-सात हजार असेल तर पेट्रोल मोटार बरी. ठाणें वाटेवर असल्यास सीएनजी, व घरची वीज खात्रीची असल्यास विजेची मोटारही पाहावी. निर्णय करण्यापूर्वीं सहा महिने एक लहान वही ठेवावी, व कोठें गेलों, किती किलोमीटर, किती ओझें, हें रोज टिपून ठेवावें. वर्षभर राबून मिळविलेला पैसा कोणत्या मोटारींत घालावा, याचें उत्तर विक्रेत्याच्या दुकानापेक्षां त्या वहींत अधिक खरें मिळेल.